गोव्याला निघालेलं लुगडं

"लुगडं कुठं ठिवलंस रं?" आबा फोनवर विचारत होते.

दौंडच्या फलाटावर स्वराजने फोन कानाशी घट्ट दाबला. पण त्याच्या वडिलांना, कोंडिबाआबांना, कमी ऐकू येई, म्हणून ते ओरडूनच बोलत. बाकावर शेजारी बसलेल्या अनिताला सगळं ऐकू गेलं. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. हनिमूनसाठी गोव्याला नेणारी गाडी एवढ्यात येणार होती.

"खुंटीलाच आसंल की."

"न्हाई. काल सांजंपास्नं हुडकतोय. चंद्रीनं दोन येळा धार दिली न्हाई. कास दगडावानी झालीया. तुला सांगणार नव्हतो, पर म्हशीला आता बसता बी येईना."

स्वराजने बॅग उघडली. नव्या टी-शर्टांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं निघालं. हिरवं, विटकं, शेणाचा आणि दुधाचा वास मारणारं. पलीकडच्या बाईने नाकाला पदर लावला.

"कुणाचं हे?" अनिताने विचारलं.

"आईचं."

"आन् गोव्याला कशाला?"

त्याने खाली बघत सांगितलं. आई, सोजराबाई, गेल्यावर त्यांची म्हैस चंद्री कुणालाच कासेला हात लावू देईना. आबांना तिने लाथ मारली. शेवटी स्वराजने आईचं न धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन पाहिलं, तेव्हा ती पान्हवली. तेव्हापासून सणसवाडीच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून तो गोठ्याचं दार लावून दोन्ही वेळा धार काढत होता. गावात कुणाला माहीत नव्हतं. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून घाई झाली, घरात पाहुण्या बायका भरल्या आणि दिसेल ते धुवायला काढू लागल्या. तेव्हा त्याने लुगडं या बॅगेत लपवलं. काल सकाळी धार काढून सवयीने तिथंच ठेवलं, आणि दोघं अनिताच्या माहेरी, दौंडला मुक्कामाला आली. तो नसताना आबा लुगडं नेसणार, असं ठरलं होतं.

अनिताला हसू आवरेना. तिने तोंड फिरवलं. तिचे वडील रेल्वेत होते. गोव्याच्या गाड्या जाताना ती लहानपणापासून पाहत आली होती. बसली एकीतही नव्हती.

स्वराजने परत फोन लावला आणि आबांना तो म्हशीच्या कानाशी धरायला सांगितलं.

"चंद्रे, दे गं बाई माझी. दे."

लोक वळून पाहू लागले. पलीकडून बादली आपटल्याचा आवाज आला, मग आबांचं कण्हणं.

लुगडं कुणाच्या हाती, काय सांगून पाठवावं हे त्याला सुचेना. गाडी आली. डब्याचं दार नेमकं त्यांच्यापुढे थांबलं. तो चढला नाही, आणि मागेही फिरला नाही. शेवटी अनितानेच बॅग उचलली आणि जिन्याकडे निघाली.

"अगं, गाडी सुटंल."

"सुटू द्या. आता गोव्यात मला ती म्हैसच दिसणार. चला."

गावी, न्हावऱ्याला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आबा अंगणात नडगी चोळत बसले होते. स्वराज तडक गोठ्यात गेला आणि दार लावून घेतलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बादलीच्या तळावर धारेचा आवाज सुरू झाला.

"पानवली," आबा म्हणाले. मग अनिताकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझी गाडी गेली."

"गेली," अनिता म्हणाली.

रोज स्वराज लुगडं आत उतरवूनच बाहेर येई. आज तो विसरला. दार उघडलं आणि तो तसाच, डोक्यावर पदर, हातात भरलेली बादली, असा उंबऱ्यात आला. त्या अंधुक उजेडात आबा झटकन उठले. सोजराबाई बाहेर आल्या की बादली घ्यायला करायचे, तसे त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मग त्यांना पदराखाली मिशा दिसल्या.

अनिता हसली नाही. स्वराजने बादली त्या हातांत दिली. आबांनी ती घेतली, आणि दुधावरचा फेस बसेपर्यंत हातातच धरून उभे राहिले.