मलकपेठेतली न बांधलेली नाव

मी नाव बोलतेय. पाण्यातली नाही, मलकपेठेतली. लिहून घेणारा कुलदीप. त्याची शाळा आठवीत सुटली, तीही तेलुगू शाळा. मराठी त्याला घरात बोलून आलेली. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा. लाजरा आहे, कुणी हसलं तर पुढचं लिहायचा नाही.

माझा जन्म नांदेडच्या खाली, गोदावरीच्या काठी. कुलदीपच्या वडिलांनी, अप्पारावांनी, मला घडवलं. तळाला सागाच्या फळ्या, आतून वाकड्या बाभळीचा आधार, फटींमध्ये तेल आणि राळेत भिजवलेला कापूस ठोकून ठोकून बसवलेला. मला पहिल्यांदा पाण्यात ढकललं, तेव्हा त्यांच्या बायकोने, गंगूने, माझ्या नाकाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "सांभाळ गं यांना."

आमच्या काठावर एक रीत होती. पलीकडून कुणी हाक मारली आणि नावाड्याने 'आलो' म्हटलं, की ते माणूस अलीकडे येईपर्यंत नाव बांधायची नाही. दोर नुसता वाळूत टाकायचा. नाव बांधली म्हणजे आजची तर, म्हणजे माणसांची ने-आण, बंद, पलीकडच्याने समजून माघारी जायचं.

एका श्रावणात गंगू पलीकडे बाजाराला गेली होती. घरी राणी पाच वर्षांची, कुलदीप रांगता. संध्याकाळी तिने हाक दिली, "ओ नाववाले!" नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून ती अशीच हाक मारायची आणि हसायची. अप्पाराव ओरडले, "आलो गं!" आम्ही मध्यावर पोचलो आणि पाणी वाढलं. नदीने आम्हाला खाली कुठच्या कुठे नेऊन टाकलं. परत वर आलो तर ती उभी होती तो काठच राहिला नव्हता. गंगू सापडली नाही.

तेव्हापासून मला कुणी बांधलं नाही.

पुढे अप्पारावांना चारमिनारच्या शहरात, मलकपेठेत, लाकडाच्या वखारीवर राखणदारी मिळाली. लोक पेट्या, गाद्या घेऊन शहरात येतात. हे लॉरीत मला घालून आले. वखारीच्या मागच्या अंगणात, विटांवर मी पडून आहे. दोर मातीत. रोज दिवेलागणीला अप्पाराव येतात, माझ्यावर हात ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. ऑटोंचा गोंगाट आणि मशिदीची बांग यांच्या मधे जरा शांत होतं. तेवढ्यात ती हाक येते. मलाही येते. माझ्या फळ्या आतून ओल्या होतात, पाणी कुठेच नसताना.

"आलो गं," अप्पाराव हळूच म्हणतात.

आता राणीचं लग्न ठरलं. कुलदीप मांडवांच्या फुलांची कामं करतो. राणीची हौस अशी, की हळदीला मला झेंडूने मढवायचं आणि तिने माझ्यात बसायचं. कुलदीपचा मित्र रितेश हमाल आणि चाकांचा गाडा घेऊन आला. सगळ्यांनी मिळून मला वर चढवलं.

"क्या रे मिया," रितेश म्हणाला, "पानी नै, मछली नै, नाव मात्र फर्स्ट क्लास! नवरीला घेऊन चारमिनारला जाती काय?"

"हौ, आणि तुला वल्हं मारायला ठेवते," राणी म्हणाली. "फुकटात."

अंगणाला उतार. गाडा घसरायला लागला. कुलदीपने दोर उचलला आणि कडुलिंबाच्या बुंध्याला दोन गाठी मारून घट्ट बांधला. रीत त्याने ऐकलेली होती. पण ती नदीवरची. अंगणात, चाकांवर ती लागू असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

दिवे लागले. अप्पाराव आले, उभे राहिले. बांग झाली. हाक नाही. मीही कान देऊन होते. खूप वेळाने त्यांचा हात दोरावरून सरकत गाठीपाशी आला.

"कुणी बांधली?"

"मी, अप्पा. घसरत होती."

"तर बंद झाली म्हणून गेली रे ती माघारी."

कुलदीपने गाठी सोडल्या. "सोडली, अप्पा. बघा ना."

"अशी सुटत नसते." ते माझ्यात चढून बसले. राणी ताट घेऊन आली, त्यांनी हात लावला नाही.

"हळदीला तरी घरात याल ना?"

"तुझी आई तिकडं अंधारात, आणि मी मांडवात मिरवू?"

राणी रडली नाही, चिडली. "मग मी आईशिवायही लग्न करायचं आणि बापाशिवायही?"

कुलदीप माझ्या कडेला टेकून उभा होता. ती हाक त्याने कधीच ऐकली नव्हती. पण आज त्याला जाणवलं, की रोज या वेळी अंगणात काहीतरी असायचं, ते नाही. लहानपणापासून तो ज्याला संध्याकाळ समजत होता, ती त्याची आई होती.

"अप्पा," तो खाली बघत म्हणाला, "तिकडून हाक येत नसेल, तर आपण इकडून मारायची."

"इथून? भिंतीला?"

"नदीवरून. नाव घेऊन."

राणीने ताट खाली ठेवलं. "मी अक्षता घेते. आईला आमंत्रण द्यायचंच राहिलंय. ती उभी होती तिथं पाण्यात सोडू. मग आई अलीकडे आली समजून तुमच्या हाताने नाव बांधा आणि माझ्या लग्नाला या."

अप्पारावांनी ताट पुढे ओढलं. 

वाचणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं. पलीकडून कुणी हाक मारली तर उगाच 'आलो' म्हणू नका. म्हटलंत, तर लगेच निघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीपने हमालांना बोलावून मला गाड्यावरून खाली घेतलं. इतकी वर्षं वाळलेली नाव तशीच नदीत घातली तर बुडते. आधी फळ्यांना पाणी पिऊन फुगावं लागतं. त्याने बोअरची मोटर लावली आणि पाइप माझ्यात सोडला. पाणी फटीफटीतून अंगणभर गळायला लागलं. कुलदीप घाबरून मोटरकडे वळला.

"बंद करू नको," अप्पाराव पायरीवरून म्हणाले. "पितीय ती."

कुलदीपने पाइप माझ्या नाकाकडे सरकवला आणि धरून उभा राहिला.