डावीकडचा खालचा कोपरा

प्रियंकाला पसारा दिसला की तिचे हात शिवशिवतात. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती संगणकावर बसते, आणि तिच्या फायली कशा ओळीत असतात ते साहेब पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. अशा बाईच्या हाती सासऱ्याचा मोबाइल पडायला नको होता.

पण रविवारी नवऱ्याबरोबर ती सोलापूरजवळच वळसंगला, सासरी गेली आणि पडला. सासरे बिरप्पा मेंढरं राखतात. त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर हवामानाच्या लिंका वाट्टेल तशा विखुरलेल्या होत्या. पाऊस, वारा, ढगांचे नकाशे. बहुतेक तिनंच वेळोवेळी टाकून दिलेल्या. शिवाय नवरा भारत पुण्याला नोकरीत होता तेव्हाची पुण्याच्या ढगांच्या नकाशाची एक. तिनं सगळ्या नीट लावल्या, दुबार होत्या त्या काढल्या आणि मोबाइल हरवला तरी अडायला नको म्हणून ती मांडणी जशीच्या तशी स्वतःच्या ईमेलवर ठेवली.

"लई ब्येस केलंस पोरी," बिरप्पा म्हणाले. कुठली लिंक कुठं गेली हे त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. कौतुक झालं होतं, तिला तेवढं पुरे होतं.

त्याच आठवड्यात वळसंगला गारा पडल्या. ओढा फुगला आणि ओढ्याकाठी जाळी लावून कोंडलेली कितीतरी कोकरं गेली.

दोघं धावत गावी आले. बिरप्पा ओसरीवर बसले होते.

"नकाशा बघूनच कोकरं वढ्याला नेली व्हती," ते म्हणाले. "मला कोरा दिसला, ढगाचा ठिपका न्हाई. शेजारच्या गुरुशांतनं त्याच्या मोबाइलवर त्योच नकाशा बघितला, त्याला लालभडक दिसला. त्यानं मेंढरं माळावर नेली. माझं डोळं गेलं आता. उद्या व्यापारी येतोय, समदी इकून टाकतो."

"बरं झालं आप्पा," भारत म्हणाला. "मी कवाचं सांगतोय."

कसा दिसला ते दाखवायला बिरप्पांनी सवयीनं मोबाइलच्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात बोट टेकलं. प्रियंकानं वाकून पाहिलं. नकाशावर इंग्रजीत पुणे लिहिलं होतं. बिरप्पांना इंग्रजी अक्षर लागत नाही. ते जागा ओळखतात. त्या जागी आधी सोलापूरचा नकाशा होता. आवरताना तिथं पुणं तिनं आणलं होतं.

चोराच्या मनात चांदणं. सासूबाईंनी, मायाक्कांनी, चहा पुढं केला तरी तिला वाटलं, यांना कळलंय. पण कुणालाच कळलं नव्हतं, आणि गप्प बसलं तर कळणारही नव्हतं. या विचाराची तिला लाज वाटली.

निदान लिंका तरी गुपचूप पहिल्यासारख्या करू, म्हणून बिरप्पांचा मोबाइल घेऊन ती परसात गेली. तिनं आपलं ईमेल उघडलं. त्यात सगळं होतं, पण आवरल्यानंतरचं. आधीची मांडणी तिनं कुठंच ठेवली नव्हती. ती फक्त बिरप्पांच्या बोटात होती. त्यांना विचारायचं तर सगळं सांगावं लागणार होतं.

ती ओसरीवर आली.

"मामा, तुमी पुण्याचं आभाळ बघितलं. लिंका लावताना मी जागा बदलली. कोकरं माझ्यामुळं गेली."

भारतनं मान खाली घातली. बिरप्पांनी त्या कोपऱ्यावर पुन्हा बोट टेकलं. ती शिव्यांची वाट बघत होती.

"मंजी माझं डोळं बरं हायत?"

"व्हय मामा."

"मायाक्के, ऐकलंस का? डोळं बरं हायत माझं." आणि ते चक्क हसले. प्रियंकाला वाटलं, यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर सोसली असती.

मग त्यांनी एकेका जागेवर बोट ठेवलं. हितं सोलापूर, त्याच्या वर वारा, पल्याड पाऊस. ती ठेवत गेली.

"आता ह्ये असंच तुझ्याकडं उतरून घे," ते म्हणाले. "पर आदी व्यापाऱ्याला फोन लाव. येऊ नको म्हण."

तिनं फोन लावला. कोकरं गेलेल्या मेंढ्या मागं अजून ओरडत होत्या, त्या आवाजात तिला मोठ्यानं बोलावं लागलं.