पैसे फिटलेला पिक्चर

जोतीराम म्हणजे पिक्चरचा किडा. राहायला जळोचीत, नोकरी एमआयडीसीतल्या डेअरीत. शुक्रवारी पहिली पाळी सुटली की कपड्यांना दुधाचा वास असतानाच तो बारामतीत थेटरात जाऊन बसायचा. नवा पिक्चर लागला आणि जोतीरामानं पाहिला नाही, असं होत नसे. एवढा जीव घरच्या कामात घातला असता तर सोनं झालं असतं, असं बायको म्हणायची. गावातली पोरं त्याला डायरेक्टर म्हणून चिडवायची, पण हा गडी चिडायच्या ऐवजी खूश व्हायचा.

मात्र हे सगळे पिक्चर तो साठवून ठेवायचा ते एकाच माणसासाठी. थोरली बहीण जयवंता, म्हणजे त्याची आक्का, इंदापूरच्या एका ऊसवाल्याच्या घरात दिली होती. लहानपणी सुप्याच्या बाजूला मामाकडं गेलं की जत्रेतल्या तंबूत दोघं मांडीला मांडी लावून बसायची आणि पडद्यावर कुणी रडलं की आक्का त्याच्या सदऱ्याला नाक पुसायची. सासरी बायकांनी थेटरात पाय ठेवायचा नाही, असा शिरस्ता होता. त्यामुळं लग्नानंतर आक्काचे पिक्चर सुटले. ते तिला जड गेलं.

म्हणून भाऊबीजेला ताटात नोट पडली की मग खरी ओवाळणी सुरू व्हायची. जोतीराम वर्षभराचे पिक्चर एकेक करून सांगायचा. मारामारी हातवारे करून, रडारड आवाज बारीक करून. सासू भामाबाई जवळच बसायची, तोंड वाकडं करायची, पण उठायची नाही. सगळं ऐकून झालं की आक्का निकाल द्यायची. वर्षातला सगळ्यात चांगला पिक्चर म्हणजे ‘पैसं फिटलं’ आणि सगळ्यात टुकार म्हणजे ‘पैसं पाण्यात’. तिकीट काढणारा जोतीराम, बघणारा जोतीराम, आणि निकाल मात्र ज्या बाईनं लग्नापासून पडदासुद्धा पाहिला नाही तिचा. पण तोच निकाल त्याला पटायचा.

मागच्या भाऊबीजेला मात्र टिळा लावून झाल्यावर आक्कानं आधी मागं वळून पाहिलं. भामाबाई चुलीपाशी होती. आक्का त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “जोती, मला घिऊन चल. हितं मी जगत न्हाय.”

बांगड्या मागं सरल्या तसा मनगटावरचा काळानिळा वळ त्याला दिसला. दाजींचा हात कसा चालतो, हे जळोचीच्या घराला ठाऊक नव्हतं असं नाही. पण धाकट्या बहिणीचं, वैष्णवीचं, लग्न जमायचं होतं. एक लेक माघारी येऊन बसली तर दुसरीला कोण दारात उभं करील, असं वडिलांचं, म्हणजे आबांचं, म्हणणं होतं, आणि वैष्णवीचं जमेपर्यंत जयवंतानं कळ काढावी असं घरात ठरून गेलं होतं. हे आक्काला सांगायचं काम कुणी अंगावर घेतलं नव्हतं. जोतीरामानंही घेतलं नाही.

तेवढ्यात भामाबाई चहा घेऊन आली आणि तो सुटल्यासारखा पिक्चर सांगायला लागला. नेमका त्या वर्षीचा त्याचा आवडता पिक्चर एका सासुरवाशिणीचा होता. सांगता सांगता शेवट जवळ आला. त्या शेवटात ती बाई पहाटे उठून अंगण झाडते आणि विहिरीत उडी घेते. आक्का टक लावून त्याच्याकडं बघत होती. जोतीरामाची जीभ तो शेवट सांगायला वळेना. मग त्यानं त्या बाईला एक भाऊ दिला. नागपंचमीच्या दिवशी तो मुराळी होऊन तिला न्यायला येतो. गाडीवरून उतरत नाही, चहा घेत नाही, सासऱ्याशी बोलत नाही. बहिणीला नुसतं म्हणतो, “बस.” आणि बहीण मागं बसते, ती माघारी वळून बघत नाही.

आक्काचं तोंड असं उजळलं की काय सांगावं. पैसं फिटलं, म्हणाली. दिवसभर हसतमुख होती. आपण बहिणीला जरा सुख दिलं, अशा आनंदात जोतीराम घरी आला आणि पुढच्या शुक्रवारी नव्या पिक्चरला गेला.

वर्ष सरलं आणि पुन्हा भाऊबीज आली. औंदा त्यानं अकरा पिक्चर आणले होते आणि कुठला कशानंतर सांगायचा, हे गाडीवर येतानाच जुळवून ठेवलं होतं. आक्का वाळली होती. गालाची हाडं वर आली होती. तिनं नीट ओवाळलं, करंजी भरवली. भामाबाई फराळाचं ताट घेऊन शेजारी गेली. जोतीरामानं घसा साफ केला.

“औंदा नगं सांगू,” आक्का म्हणाली. “औंदाचा निकाल मी आधीच लावलाय.”

त्याला वाटलं, थट्टा करतेय. तो हसला. मग ती समोर बसून शांतपणे सांगायला लागली. आवाजात ना राग होता ना रडणं. मागच्या भाऊबीजेला सासू जवळ बसलेली होती म्हणून भावाला उघड बोलता आलं नाही, त्यानं पिक्चरमधून सांगावा दिला, असं तिला वाटलं होतं. पंचमीला येतो, तयार राहा, असा. त्या एका आशेवर तिनं दिवाळीपासूनचे दिवस काढले. मार खाल्ला तरी पंचमी जवळ आली म्हणायची. पंचमीच्या आदल्या दिवशी तिनं मेंदी काढली, दोन लुगडी पिशवीत घालून पिशवी धान्याच्या कणगीमागं ठेवली. सकाळपासून फटफटीचा आवाज आला की दारात जायची. दिवेलागणीला नवऱ्याला ती पिशवी सापडली.

पुढचं तिनं सांगितलं नाही. जोतीरामाला पंचमी आठवली. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो तीनच्या खेळाला बसला होता आणि मध्यंतरात त्यानं वडापाव खाल्ला होता.

“मग गणपतीत मंडळानं रस्त्यावर पडदा लावला,” आक्का म्हणाली. “ह्यो रस्ता हाय, थेटर न्हाय, म्हनून आत्याबाईंनी जाऊ दिलं. पिक्चर सुरू झाला आन मी वळाकला. तूच सांगितल्याला. मी शेवटापतूर वाट बघितली.”

जोतीरामानं मान खाली घातली.

“त्या बाईला भाऊच नव्हता रं, जोती.”

तुला वाईट वाटू नये म्हणून, एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून आलं. ती होय होय करत राहिली, लहानपणी त्याला समजावायची तशीच. मग त्यानं निकाल विचारला. का विचारला, ते त्याचं त्याला कळलं नाही.

“दोनी त्यालाच,” आक्का म्हणाली. “पैसं फिटलं बी त्यालाच, पान्यात बी त्यालाच. तू सांगितला तसा पंचमीपतूर लई चांगला चालला. आता फकस्त खरा शेवट सांगत जा. बाई मेली तर मेली म्हन.”

पुढच्या पंचमीला नक्की, असं तो म्हणायला गेला, आणि आपण पुन्हा पिक्चर सांगायला लागलो हे त्याच्याच ध्यानात आलं. तो उठला. वैष्णवीला बघायला परवा सुप्याचे पाहुणे यायचे होते. माघारी आलेली आक्का दारात दिसली तर काय होईल, हे आबांनी त्याला निघताना पुन्हा सांगितलं होतं.

अंगणात त्यानं गाडीला किक मारली. आक्का उंबऱ्यापर्यंत आली. शेजारून परतलेली भामाबाई तिच्या मागं उभी राहिली. आक्काचे हात मोकळे होते, पायात चपला होत्या. चपला कशाला घातल्यात, हे त्याला कळलं. मागची सीट रिकामी होती आणि एकच शब्द बोलायचा होता. तो शब्द त्याच्या तोंडात आला होता, दातापर्यंत आला होता. आक्का त्याच्या तोंडाकडं बघत होती, तंबूत पडद्याकडं बघायची तशी.

“येतो आक्का,” जोतीराम म्हणाला.

“ये,” ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली.