गाडीत बसल्यावरच पत्ता

किल्लीवाल्याला बँकेचं काम मिळालं, तेव्हा त्याला कोण अभिमान वाटला होता. कर्ज थकलेल्या घरांची कुलपं उघडून द्यायची, पैसे घ्यायचे आणि निघायचं. एकच पद्धत होती, पत्ता आधी सांगायचा नाही. किल्लीवाल्यांच्या ओळखी फार. कोणी आदल्या दिवशी जाऊन कानात सांगितलं, तर आख्खं घर रिकामं करून माणूस पसार. म्हणून वसुलीचे साहेब गाडीत बसल्यावरच पत्ता सांगत. साहेबांना याचं नावही माहीत नव्हतं, त्यांच्या फोनमध्ये हा नुसता 'किल्लीवाला' होता.

ही पद्धत त्याला फार आवडायची, त्याच बँकेचे स्वतःच्या घराचे हप्ते थकेपर्यंत.

थकले कसे? अतिशहाणपणाने, दुसरं काय. मोटारींच्या किल्ल्या कापायचं मशीन त्याने खासगी व्याजावर उचललं. म्हणे, वर्षात फिटेल. मोटारवाले फिरकले नाहीत, व्याज मात्र न चुकता आलं. मग घराच्या हप्त्याचे पैसे तिकडे वळले. बायको पाळणाघरात दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, हप्त्याचा आपला अर्धा वाटा दर महिन्याला त्याच्या हातावर ठेवायची आणि नंतर विचारायची, "भरला का हो?" हा म्हणायचा, "भरला." पहिल्यांदा जीभ अडखळली, पुढे तीही सरावली. बँकेचे फोन तो दुकानात घ्यायचा. घ्यायचा म्हणजे काय, वाजू द्यायचा.

भीती अंगात भिनली, तसं गेल्या आठवड्यात त्याने घराच्या दाराला दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप बसवलं. बायको हसली. "आपल्याकडे चोर आलाच, तर त्यानेच काहीतरी ठेवून जायचं," म्हणाली. हा म्हणाला, "काळ वाईट आहे." ते मात्र खरं होतं.

आज सकाळी गाडी निघाली आणि साहेब फोनवर बोलत बसले. पत्त्याचं नाव नाही. गाडी पुलाखालून गेली आणि औषधाच्या दुकानापाशी वळली. हा रस्ता त्याच्या घराचा होता.

"साहेब, आज कुठे?" त्याने विचारलं.

"आलंच," साहेब म्हणाले.

लाँड्री गेली, पिठाची गिरणी गेली. समोर त्याची इमारत दिसायला लागली. गॅलरीत त्याच्याच घरची निळी चादर वाळत होती. पाळणाघराला आज सुट्टी होती, म्हणजे बायको घरातच होती. आपल्याच दाराशी आपणच हत्यारांची पेटी उघडून बसणार, आणि आतून ती विचारणार, कोण आहे? काय सांगणार होता तो? देवा, आज नको, एवढंच तो मनात घोकत राहिला.

गाडी पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या इमारतीशी थांबली. त्याला इतकं हायसं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

दुसऱ्या मजल्यावरचं दार आतून बंद होतं. हाका मारून झाल्या. तो कुलपापुढे वाकला आणि त्याचे हात थांबले. हे कुलूप त्यानेच विकलं होतं, त्यानेच बसवलं होतं. घेणारा चष्म्याच्या दुकानातला कारागीर होता. चार-चारदा विचारत होता, "कोणाला उघडेल का हो हे?" आणि हा छाती फुगवून म्हणाला होता, "मी सोडून कोणाच्या बापाला उघडणार नाही."

"काय झालं? जमत नाही का?" साहेबांनी विचारलं.

जमलं. दार उघडलं. कारागीर समोरच खुर्चीत बसला होता. त्याने साहेबांकडे पाहिलंही नाही, किल्लीवाल्याकडे पाहिलं.

"तुम्ही सोडून, असं म्हणाला होतात," तो हळूच म्हणाला. "तेवढंच माझं ऐकायचं राहिलं."

त्याच्या मागे त्याची बायको ओले हात पदराला पुसत उभी होती. "अहो, कोण आहेत हे? आपल्याकडे कशाला आलेत?" ती नवऱ्याला विचारत होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

जिना उतरताना साहेब म्हणाले, "वेळेत येऊन बोलला असता, तर मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला असता. पण येतंय कोण? दारं लावून बसतात."

किल्लीवाला दुकानात गेलाच नाही. घरी आला, बायकोला समोर बसवलं आणि सगळं ओकून टाकलं. मशीन, व्याज, थकलेले हप्ते, 'भरला' म्हणून मारलेल्या थापा. ती ऐकत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "माझे पैसे घेताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?" एवढंच तिने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. "उद्या नऊला तयार राहा."

"पत्ता?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आज नवीन आहात का? गाडीत बसल्यावर."

बायकोने फोन हातातून काढून घेतला. "साहेब, मी यांची बायको बोलतेय. आमचं घरही तुमच्याच बँकेकडे तारण आहे आणि हप्ते थकलेत. उद्या आमच्याच दाराशी यायचं असेल, तर आत्ताच सांगा."

साहेबांनी नाव विचारलं. तिने दोघांची नावं सांगितली. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

"वहिनी, आज बँक बंद व्हायच्या आत या," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "दोघंही या. कमाईचे कागद आणा."

"म्हणजे उद्याचं घर..."

"तुम्ही आधी या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती उठली, पिशवीत कागद भरले. "मशीन विकायचं. अर्ध्या किमतीत गेलं तरी व्याज थांबेल. आणि यापुढे हप्ता मी भरणार."

तो मुकाट्याने तिच्यामागून बाहेर आला आणि दार ओढून किल्ली लावायला लागला. हात इतके कापत होते, की किल्ली भोकात जाईना. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडलेला माणूस, आणि स्वतःचं कुलूप लावता येईना.

"राहू दे ते," ती जिन्यातून म्हणाली. "हे उघडू शकणारा एकुलता एक माणूस माझ्याबरोबरच येतोय. चला."