नकार समजावण्याची खिडकी

बंदराच्या पास-खिडकीवरच्या बाईंना सगळे 'कुलूपबाई' म्हणत, आणि ते काही उगीच नव्हे. त्यांच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडायचं आणि खिडकी कुंपणाच्या आत, बंदरात. मधे जाड काच. समोरून दिवसभर कंटेनर जात. आत काय आहे ते देवालाच ठाऊक. सीलचा नंबर कागदाशी जुळला, की निघाला जगाच्या सफरीला. खलाशाला मात्र गावात पाऊल टाकायचं तर अठ्ठेचाळीस तास आधी अर्ज, आणि बोलावणं नसेल तर जहाजाचा जिनाही उतरायचा नाही.

हसणारे हसोत. याच अर्जाच्या छाननीत बाईंनी एकदा खोटा खलाशी पकडला होता. त्याच्या पिशवीत सील कापायची कात्री आणि हुबेहूब नवी सीलं निघाली. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

आज अर्ज आला तो जहाजावरच्या आचाऱ्याचा, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा. दहा महिन्यांनी येत होता बिचारा. आठ महिन्यांची लेक अजून पाहिलीही नव्हती. वाटेतलं एक बंदर गाळून जहाज लवकर आलं आणि अर्जाला एकेचाळीसच तास भरले. पाचला जहाज सुटणार होतं.

"मागची तारीख टाका की. कोण बघतंय?" शेजारचा कारकून म्हणाला.

"मी बघतेय," म्हणत बाईंनी 'नामंजूर'चा शिक्का हाणला. स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला.

मग त्यांनी नियमांचं बाड काढलं. ते त्यांच्याशिवाय कुणी वाचलं नव्हतं, लिहिणाऱ्यानंसुद्धा. कलम एकोणतीस: अर्जदारास खिडकीवर बोलावून नकाराचं कारण समजेपर्यंत समजावून सांगावं. बाईंनी जहाजावर फोन केला आणि दुसरा घरी, सासूबाईंना.

एक वाजता आचारी काचेपलीकडे उभा राहिला. अलीकडे बाई, मांडीवर लेक.

"सात तास कमी पडले. समजलं?"

त्यानं लेकीकडे पाहिलं. "नाही."

बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. लेकीनं काचेला तोंड लावून लाळ गाळली. ती पुसायला त्यानं पलीकडून हात नेला.

"आता?"

"मी जरा मठ्ठच आहे गं."

तीनला साहेब डोकावले. "अजून समजलं नाही?"

"समजावतेय, साहेब." बाईंनी बाड पुढं केलं. साहेबांनी कलम वाचलं आणि हळूच दार ओढून घेतलं.

साडेचारला भोंगा झाला. बाईंनी फटीतून कागद सरकवला. 'कारण समजलं काय?' या रकान्यात आचाऱ्यानं बराच वेळ लावून लिहिलं, "होय. आईवर गेलीय."

बाईंनी डोळे पुसले आणि कागद फाइलला लावला. नियमाप्रमाणे तो दहा वर्षं जपून ठेवायचा होता.