दुसरी चूल

निंगव्वाच्या घरात चूल एकच, आणि त्या चुलीवर सोलापूर जेवतं, असं तीच सांगायची. अख्खं सोलापूर काही जेवत नव्हतं. पण रोज शंभर कडक भाकरी तिच्या घरातून चन्नवीरच्या दुकानात जायच्या, हे खरं. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची आणि मंद जाळावर कडकडीत होईस्तोवर शेकायची. निंगव्वानं हे चाळीस वर्षं केलं. मग एक दिवस परात सुनांपुढं सारली, आणि तेव्हापासून भिंतीला टेकून बसायचं आणि नावं ठेवायची, एवढंच काम तिनं आपल्याकडं ठेवलं.

थोरली काशम्मा मुकी म्हटली तरी चालेल. धाकटी दानेश्वरी अक्कलकोटाकडची. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची, सासूला अत्ती म्हणायची, आणि हसायची लई. लग्नाला सात वर्षं झाली, पण सासूच्या तोंडून तिला एक बरा शब्द ऐकायला मिळाला नव्हता. बरं म्हटलं की सुना शेफारतात, असं निंगव्वाचं मत.

दोघींच्या खात्यात दर महिन्याला लाडकी बहीण योजनेचे दीड-दीड हजार यायचे. त्या पैशाला घरात कुणी हात लावत नसे. काशम्माची धनलक्ष्मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, ते तिच्या फीचे. निंगव्वा स्वतः दुसरीतून उठलेली. सही यायची, तीही वाकडी. पण "आमची नात नर्स व्हणार" हे तिनं गल्लीत इतक्यांदा सांगितलं होतं, की पोरीचं शिक्षण थांबलं असतं तर निंगव्वाला गल्ली सोडावी लागली असती.

अशात चौकशी निघाली. एका रेशनकार्डावर लग्न झालेल्या एकाच बाईला पैसे, दुसरीचं नाव कटणार.

"अव्वा, कार्ड फोडू या," धाकटा शिवू म्हणाला. तो रिक्षा चालवायचा, आणि असल्या वाटा त्याला मागं बसलेल्यांकडून कळायच्या. "थोरल्याचं एक, माझं एक. अंगणवाडीच्या ताई बघायला येतील, त्यास्नी दोन चुली दाखवायच्या."

"मी जित्ती असताना घर फोडतोस व्हय रे?"

"नुसतं कागदावर, अव्वा."

"मग मी मेले म्हणून बी लिव की. कागदावरच."

दोन दिवस ती भांडली. तिसऱ्या दिवशी धनलक्ष्मीचा फोन आला, फीचा हप्ता जवळ आला होता. निंगव्वानं फोन ठेवला आणि शिवूकडं न बघताच म्हणाली, "आण कुणाची तरी शेगडी."

शिवूनं मित्राची जुनी गॅसची शेगडी आणून मागच्या खोलीत मांडली. निंगव्वानं बजावलं, "हळद-कुंकू लावायचं न्हाय. पेटवायची न्हाय. दूध तर तिच्यावर ठेवायचंच न्हाय. म्हंजे ती चूल न्हाय, नुसतं लोखंड." नवं घर मांडलं की नव्या चुलीवर आधी दूध उतू घालवतात, तेव्हा ते घर होतं. तेवढं टाळलं की देवाशी खोटं बोललो नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली.

सोमवारी रेश्माताई आल्या. बिचाऱ्या अंगणवाडीची पोरं सांभाळून हेही काम करत होत्या. त्यांनी पुढची चूल पाहिली, मागची शेगडी पाहिली आणि मोबाईल काढला.

"वरती काहीच नाही की. फोटोत चूल पेटलेली दिसली पाहिजे. चहाला दूध असेल ना? तेच ठेवा. फोटो काढते, सही घेते, झालं. मला अजून अकरा घरं आहेत."

निंगव्वाला बोलायचं होतं. नको म्हणावं तर नातीची फी जाते, ठेव म्हणावं तर चाळीस वर्षांचं घर आपल्याच तोंडानं दोन होतं. जी बाई भाजीवाल्याला, भटाला, पोलिसाला कधी घाबरली नाही, ती गप्प बसली. आणि आपण गप्प बसलो, हे तिचं तिला कळलं.

दानेश्वरीनं पातेलं शेगडीवर ठेवलं. लायटर उचलला. पण न पेटवताच खाली ठेवून दिला.

"ताई, ही चूल माझी न्हाय. आणलेली हाय. माझी ती, पुढं धूर करती ती. माझं नाव काढा."

"अगं, दीड हजार हायत!" शिवू ओरडला.

"मला मोजता येतंय."

"माझं काढा," काशम्मा म्हणाली. महिन्याभरातलं तिचं ते पहिलंच वाक्य असावं. "ती धाकटी हाय."

"अक्का, तुमी गप ऱ्हावा. पोरगी तुमची, कॉलेजात सही तुमची, फी तुमच्या खात्यातनं जाती. माझंच काढा."

रेश्माताईंनी मोबाईल खाली घेतला. "नीट विचार कर गं. मी काही बघितलं नाही म्हणते."

"तुमी न्हाय बघितलं, पर हितं दूध तापलं की आमी दोन घरं झालो. अत्तींनी चाळीस वर्षं एका चुलीवर धरलंय. मी सात वर्षांत दोन करू व्हय?"

पातेलं पुढच्या चुलीवर गेलं. ताईंनी नाव काढलं, चहा घेतला, आणि जाताना दानेश्वरीच्या पाठीवरून हात फिरवला.

निंगव्वा भिंतीपासून उठली. "चहात साखर कमी हाय," ती म्हणाली. "शिवू, रिक्षा काढ. चन्नवीरकडं. दानेश्वरी, भाकरीची टोपली घे आन् चल."

चन्नवीर भाकरीला चार रुपये द्यायचा, तीन वर्षं तेवढेच. मागणं म्हणजे हात पसरणं, म्हणून निंगव्वा कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती सरळ गल्ल्यापुढं उभी राहिली.

"भाकरीमागं रुपया वाढव."

"रुपया! अव्वा, गिऱ्हाईक पळंल की."

"गिऱ्हाईक पुण्याहून भाकरीसाठी येतंय. तुजं तोंड बघायला येत न्हाय."

"तीन वर्षं बोलला न्हाईत, आन् आज एकदम?"

"तीन वर्षं मी येडी हुते. आज माज्या सुनेनं येणारे दीड हजार मागं सारले, खोटं नको म्हणून. मी गप बसले हुते, मी! ती बोलली. आन् तू रुपयाला रडतोस? लेकाला बायको बघशील तवा असली बघ. मिळायची न्हाय."

टोपली घेऊन दारात उभी असलेली दानेश्वरी त्या दिवशी हसायची विसरली.

चन्नवीर आठ आण्यांवर आला, आणि म्हणाला, "पर मग रोज एकशेवीस पायजेत."

"शंभरच्या वर एक बी न्हाय. माज्या सुना बैल न्हाईत." शेवटी शंभरावरच आठ आणे वाढवून ठरले.

रिक्षात दानेश्वरी बोटांवर कानडीत हिशेब करत होती. "अत्ती, रोजचे पन्नास वाढले. पर दुकान महिन्यातनं चार दिस बंद असतंय. दोनशे कमी पडतात."

निंगव्वानं शिवूच्या खांद्यावर थाप मारली.

"शिवू, मागं फिरव. त्याला सांगू, उद्यापासनं एकशेवीस."

"आत्ताच न्हाय म्हणालात की," दानेश्वरी म्हणाली.

"तुमच्या शंभरच. वरच्या वीस मी थापणार हाय."