क्रांतीची हनुवटी

मी चेहरा मोजणारा स्कॅनर बोलतोय, सांगलीतल्या एका दवाखान्यातून. आणि मी संतापलोय, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. माणूस समोर बसला की माझे कॅमेरे एकदम त्याला टिपतात आणि त्याचा चेहरा सगळ्या बाजूंनी पडद्यावर उभा राहतो. वेडेवाकडे दात, पुढेमागे झालेले जबडे जागेवर आणताना डॉक्टरांना माझा उपयोग होतो. या कामाचा मला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी पलूसची क्रांती आली. सोबत फौजेतून निवृत्त झालेले वडील जोतीराम आणि चुलते भाऊसो. तिचा खालचा जबडा पुढे आलेला. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतच नव्हते.

"घास तुटत न्हाई, डॉक्टर. जबडा लय दुखतोय," ती म्हणाली. "दिसायचं जाऊ द्या, मला नीट खाता आलं पायजे."

डॉक्टरांनी तिला माझ्यापुढे बसवलं आणि ऑपरेशननंतर चेहरा कसा दिसेल ते पडद्यावर दाखवलं. "हा फक्त अंदाज आहे," असं म्हणाले खरे, पण पुटपुटल्यासारखे. भाऊसोंनी तेवढ्यात त्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढला. क्रांतीला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनीही हटकलं नाही. फोटो गेला लोणंदला, एका स्थळाकडे. तिकडून पसंती आली. कुणाला पसंत केलं त्यांनी? तशी मुलगी जगात नव्हतीच!

तारा लागल्या, मग जबड्याचं ऑपरेशन झालं. दात जुळले, दुखणं थांबलं, क्रांती चावून खाऊ लागली. हनुवटी तेवढी चित्रातल्यासारखी टोकदार झाली नाही, जराशी डावीकडे राहिली.

गेल्या महिन्यात ती वडिलांबरोबर तपासणीला आली, तर मागोमाग भाऊसो मुलाच्या आईला, लीलाबाईंना घेऊन हजर. लीलाबाईंनी मोबाइल पुढे धरला. "आमाला ही पोरगी दावली हुती. ही ती न्हाई."

डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढायला हवं होतं. उलट त्यांनीच क्रांतीला पुन्हा माझ्यापुढे बसवलं आणि तिचा खरा चेहरा त्या चित्राशी ताडून बघितला. जिथं फरक, तिथं लाल डाग. बऱ्या झालेल्या पोरीच्या तोंडावर माझ्याकडून डाग पाडून घेतले!

"थोडं हाड घासता येईल," डॉक्टर म्हणाले.

जोतीरामांनी मान खाली घालून विचारलं, "परत चिरावं लागंल का, साहेब?"

क्रांती ताडकन उठली. "अण्णा, तुमीबी? पेज पिऊन दिस काढलं मी, तवा ही मंडळी कुठं हुती?" मग लीलाबाईंकडे वळली. "फोटू आवडलाय न्हवं? लावा मग त्येच्यासंगंच लगीन."

ती तशीच अनवाणी बाहेर पडली. भाऊसो ओरडत राहिले. जोतीराम दारातल्या लेकीच्या चपला हातात घेऊन तिच्यामागे धावले.

स्थळ मोडलं. क्रांती इथं पुन्हा आली नाही.

मी आहे तिथंच आहे. कालच एक आई पडद्याकडे बघून म्हणाली, "नाकपण जरा बारीक करा की." लेक खुर्चीत गाल धरून बसली होती. मला हात असते तर तो पडदा मीच विझवला असता. अहो बाई, इकडं बघा. तिचा गाल दुखतोय. आधी तिला विचारा.